अमावास्येचा धोबी

मुलुंडच्या त्या दुमजली घरात खोली मिळवताना मला एकच प्रश्न विचारला गेला. पगार किती, जेवण कुठे, पाहुणे किती येतात, यातलं काही नाही. घरमालक दारातच उभे होते. अंगात पोपटी रंगाचा सदरा, डोळ्यांवर एक चष्मा आणि दुसरा कपाळावर ढकललेला. म्हणाले, "सध्या राहता तिथे सकाळी सगळ्यात आधी कोण ओरडतं?"

मी तेव्हा गिरगावात मामांकडे राहत होतो. म्हणालो, "शेजारचे दामले."

ते म्हणाले, "खोली तुमची. कालपासून तिघे येऊन गेले, तिघंही म्हणाले कोकीळ. ऐन डिसेंबरात, मुंबईत, कोकीळ! माणूस ऐकलं ते सांगत नाही हो, शोभेल ते सांगतो."

अशा रीतीने दामल्यांच्या घशामुळे मी मुलुंडकर झालो.

घरमालकांना सगळं घर 'मालक' म्हणे. ते रेल्वेत नकाशे काढायच्या कामावर होते आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. तीस वर्षं पूल आणि बोगदे कागदावर उतरवल्यामुळे त्यांच्या मनात सरळ रेघेबद्दल प्रेम आणि माणसाच्या बोलण्याबद्दल संशय कायमचा बसला होता. नळाला पाणी येत नाही अशी तक्रार घेऊन गेलं की ते पेन्सिल उचलत.

"कधीपासून येत नाही?"

"सकाळपासून."

"सकाळ म्हणजे किती वाजता? तुम्ही स्वतः पाहिलंत, की कुणी सांगितलं?"

ही चौकशी पुरी होईपर्यंत बहुधा पाणी आलेलं असे. तेही ते लिहून ठेवत. 'दिसलं ते लिहावं, वाटलं ते गिळावं,' हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. ते त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून, चौकटीत बसवून, जिन्यात लावलं होतं. इतर घरांत त्या जागी देवांच्या तसबिरी असतात.

मालकांना पक्ष्यांचा नाद होता आणि त्यांचं निरीक्षणालय वर गच्चीवर होतं. म्हणजे गच्ची हेच निरीक्षणालय होतं. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि देशात रोज कुणी ना कुणी, कशाची ना कशाची कोनशिला बसवत होतं. मालकांनीही एक बसवली. 'पक्षी-निरीक्षणालय, मुलुंड' एवढीच अक्षरं तिच्यावर होती. उद्घाटकाचं नाव नव्हतं, कारण उद्घाटन त्यांनी स्वतःच केलं होतं आणि त्या वेळी तिथे एक साळुंकी सोडून कुणी हजर नव्हतं. दारावर पाट्या होत्या: 'पादत्राणे खाली ठेवावीत.' 'बोलू नये.' 'शिंक येत असल्यास परत जावे.'

आत एक कापडी आरामखुर्ची, पाण्याची टाकी, पक्ष्यांसाठी मातीचं वाडगं, भिंतीवर तापमापक आणि कोपऱ्यात मालकीणबाईंची, म्हणजे काकूंची, तुळस. तुळस निरीक्षणालयाच्या आधीची, त्यामुळे तिला हलवणं मालकांनाही जमलं नव्हतं. दुर्बीण चोरबाजारातून आणलेली. तिच्या डाव्या नळीत बुरशी होती, म्हणून मालक उजव्या डोळ्याने पाहत आणि डावा मिटून घेत. वर्षानुवर्षं असं केल्यामुळे एरवीसुद्धा त्यांचा डावा डोळा अर्धवट मिटलेला असे. नवीन भाडेकरूंना सुरुवातीला वाटे की मालक आपल्याला काहीतरी खुणावताहेत. तापमापक कायम ब्याण्णव अंश दाखवी. मालक रोज सकाळी वहीत ब्याण्णव लिहीत.

"अहो, जानेवारीत ब्याण्णव?" मी एकदा म्हणालो.

"तापमापक काय म्हणतं ते मी लिहितो. थंडी वाजते हे तुमचं मत आहे."

पोपटी सदऱ्याचं कारण असं की पांढऱ्या कपड्यातला माणूस पक्ष्याला मैलभरावरून दिसतो. म्हणून काकूंनी त्यांचे सगळे सदरे हिरव्या रंगात बुडवून काढले. रंग कच्चा निघाला. तीन महिने मालकांच्या घरातली धोतरं, पातळं, उश्यांचे अभ्रे आणि देवघरातलं आसन, सगळं फिकट पोपटी झालं होतं. पक्ष्यांना मालक दिसत होते की नाही ठाऊक नाही, पण स्टेशनातून उतरलेल्या कुणालाही ते लांबून ओळखू येत.

भाडेकरूंच्याही नोंदी असत. वहीच्या मागच्या पानांवर आम्ही सगळे होतो. पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी: 'कायम निवासी. आवाज फार, उपयोग कमी.' तळमजल्यावरच्या राणेकाकू, मूळच्या मालवणच्या: 'मे महिन्यात दक्षिणेकडे स्थलांतर, परतताना वजन वाढलेले.' माझ्यापुढे 'हिवाळी पाहुणा, संशयास्पद' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. पुढे लग्न ठरल्यावर मी ती खोली सोडली. टांग्यात सामान चढवलं आणि नमस्कार करायला वाकलो, तर मालकांनी आशीर्वाद देण्याआधी घड्याळ पाहिलं.

आता हंगामाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

गच्चीवरून पूर्वेला मिठागरं दिसत, त्यांच्यापलीकडे खाडी. थंडीत उत्तरेकडून तऱ्हेतऱ्हेचे पक्षी तिथे उतरत आणि ऊन चढू लागलं की परत जात. शेवटचा पाहुणा गेला की मालकांचा हंगाम संपे. हा शेवटचा पाहुणा दर वर्षी एकच असे: धोबी नावाचा एक लहानसा, काळापांढरा, सडपातळ पक्षी. तो गच्चीवरच्या वाडग्याशी येऊन शेपूट वरखाली, वरखाली करत फिरे, घाईत असलेल्या कारकुनासारखा. मिठागरावरचे त्याचे भाऊबंद कधीच गेलेले असत. हा मात्र वाडग्यातलं पाणी आणि त्याभोवतीचे किडे सोडून जायला तयार नसे. मालक सकाळी सहा ते सात त्याच्या समोर बसत. नियम असा होता की धोबी सलग तीन सकाळी दिसला नाही, तर पहिल्या सकाळी तो गेला असं धरायचं आणि हंगाम बंद करायचा.

आणि हंगाम बंद होईपर्यंत गच्ची बंद.

हे शेवटचं वाक्य मी वेगळं लिहिलं, कारण घरातल्या बायकांच्या दृष्टीने पक्षीशास्त्रात तेवढंच महत्त्वाचं होतं. चैत्र-वैशाखातलं ऊन असतं पापडांसाठी. त्या घरात उडदाचे पापड अक्षय्य तृतीयेला घालायचे अशी पूर्वापार रीत होती. त्या दिवशी घातलेला पापड वर्षभर खराब होत नाही म्हणत. आणि पापड वाळायला मुलुंडात त्या गच्चीसारखी गच्ची नव्हती. तृतीया जवळ आली की राणेकाकू जिन्यात उभ्या राहून वर ओरडत, "काय गे, गेलो काय तुमचो धोबी?"

"जाईल हो," काकू शांतपणे म्हणत. "त्याची वेळ झाली की जाईल."

आणि खरोखर, त्याची वेळ अगदी वेळेवर होत असे. तृतीयेच्या आदल्या दिवशी 'हंगाम-समाप्ती सभा' भरे. हजेरी सक्तीची. मालक उभे राहून अहवाल वाचत: अमुक जाती दिसल्या, तमुक दिसल्या नाहीत, कावळा नियमाप्रमाणे मोजलेला नाही. मग सर्वांना पन्हं. मग मालक कमरेची किल्ली काढून दोन्ही हातांनी काकूंना देत, जणू एखादा किल्ला शत्रूच्या हवाली करताहेत. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गच्चीवर चटया, जुनी धुतलेली लुगडी, कावळ्यांसाठी काठ्या आणि सात बायका असत. धोब्याची आठवण कुणालाही नसे.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी माझी अक्कलदाढ दुखायला लागली. एका पहाटे लवंग मागायला खाली जावं म्हणून मी खोलीबाहेर आलो, तर गच्चीचं दार उघडं. माझी खोली गच्चीच्या जिन्याला लागूनच होती. तुळशीला पाणी घालायला काकूंकडे वेगळी किल्ली असे, हे मला ठाऊक होतं. पावणेसहा ते सहा मालक आंघोळीला जात, आणि तोवर काकूंचं पाणी घालून होई. पण वरून पाण्याचा आवाज येत नव्हता. फटाक, फटाक असा आवाज येत होता.

मी डोकावलो. काकूंनी पदर खोचला होता, हातात ओला पंचा होता आणि त्या टाकीभोवती धावत होत्या. पुढे धोबी.

"ऊठ मेल्या! ऊठ! उद्या-परवा दोन दिवस आणखी येऊ नकोस. माझं दोन पायली पीठ दळून आलंय. हट्!"

पंचा टाकीवर फटकन वाजला. धोबी एकदा शेपूट हलवून मिठागराच्या दिशेने उडाला. काकू वळल्या आणि मी दिसलो.

त्यांनी पंचा पाठीमागे धरला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही काही पाहिलं नाहीत."

"पाहिलं नाही. पण काकू, त्यांची वही..."

"वहीवर पापड वाळत नाहीत."

"दर वर्षी?"

"तीन सकाळी फक्त. तेवढं पुरतं. सातनंतर येतो पुन्हा पाणी प्यायला, पण तेव्हा हे खाली चहाला असतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तो एरवी पण जाणारच ना हो कधीतरी. थोडं लवकर गेला तर कुणाचं काय बिघडलं?"

मला त्यात काही चूक दिसली नाही. दाढ दुखत असताना माणसाला तसाही सत्याचा फारसा कळवळा नसतो. मी लवंग घेऊन परत आलो.

बिघडलं ते पुढच्या वर्षी. माघात एका रविवारी मालक पंचांग आणि सात वर्षांच्या वह्या घेऊन माझ्या खोलीत आले. चेहरा असा की मला वाटलं घरात काही वाईट घडलं. वह्या माझ्या अंथरुणावर पसरून म्हणाले, "वाचा. धोबी गेल्याच्या तारखा."

मी वाचल्या. कधी एप्रिलची अठरा, कधी एकोणतीस. एका वर्षी तर मेची अकरा.

"काही सूत्र दिसतं?"

"नाही."

"मलाही सात वर्षं दिसलं नाही. काल हिनं पंचांग भिंतीवरून काढून दळण झाकायला ठेवलं होतं, ते उचलताना सहज ताडून पाहिलं." त्यांनी बोट टेकवलं. "चैत्र अमावास्या. सातही वर्षं. एकदाही चूक नाही. अहो, अधिक मासाच्या वर्षी तो तीन आठवडे उशिरा गेला! त्या पाखराला अधिक मास कळतो!"

मी काकूंच्या पिठाचा विचार करत होतो. तृतीयेच्या आधीच्या तीन सकाळी म्हणजे अमावास्या, प्रतिपदा, द्वितीया. पहिली सकाळ अमावास्येची. हिशेब चोख होता, फक्त तो धोब्याचा नव्हता.

"हे पक्षी रात्री उडतात," मालक सांगत होते. "ताऱ्यांवरून वाट काढतात असं म्हणतात. आता सांगा, तारे सगळ्यात स्वच्छ कधी दिसतात? अमावास्येला! चंद्राचा अडथळा नाही!"

खरं सांगायचं तर सिद्धांत सुंदर होता. त्याला एकच भोक होतं, आणि त्या भोकात ओला पंचा होता. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण ज्या माणसाने सात वर्षं ब्याण्णव लिहिलं त्याला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं, आणि ते त्याने गिळलं नव्हतं. मी म्हणालो, "वा."

मालकांनी 'अमावास्या आणि धोब्याचे प्रयाण' असा नऊ पानी निबंध लिहिला, तीन रंगांच्या शाईत आकृत्या काढल्या आणि शहरातल्या एका निसर्गप्रेमी संस्थेला पाठवला. मला वाटलं, उत्तर येणार नाही. ते दहा दिवसांत आलं. संस्थेचे पक्षीतज्ज्ञ, ज्यांच्या नावामागे डॉक्टर होतं आणि नावापुढे अर्धा इंच अक्षरं, ते लिहीत होते की दावा असाधारण आहे, खरा ठरला तर संस्था तो छापील, आणि या वर्षी चैत्र अमावास्येला ते स्वतः गच्चीवर हजर राहतील.

मालकांनी पत्र सगळ्या मजल्यांवर वाचून दाखवलं. निवृत्त होताना त्यांना रेल्वेने एक हार आणि एक छत्री दिली होती. छत्रीवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. त्या छत्रीबद्दल ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. म्हणाले, "तीस वर्षं मी पूल काढले, सही साहेबाची असायची. हे पहिलंच काम माझ्या नावानं होणार."

संध्याकाळी काकू माझ्या दाराशी आल्या. हातात चकल्यांची ताटली होती, पण ती निमित्तापुरती.

"आता काय करायचं हो?" त्या म्हणाल्या. "हाकलला तर मोठ्या माणसाच्या देखत खोटं. नाही हाकलला तर तो येऊन बसेल समोर शेपूट हलवत, आणि ह्यांचं हसं होईल."

"मालकांना सांगून टाका."

"काय सांगू? की तुमचा सिद्धांत म्हणजे माझा पंचा?" त्यांनी ताटली माझ्या हातात दिली. "ते रात्री झोपेत हसतात हो हल्ली. चाळीस वर्षांत कधी हसले नव्हते."

डॉक्टर चतुर्दशीलाच मुक्कामाला आले. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला टोपी, गळ्यात अशी दुर्बीण की मालकांची तिच्यापुढे शेंगदाण्याच्या पुडीसारखी दिसावी. मराठीत बोलत, पण प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत ऐकून घेतल्यासारखं. जिन्यातली चौकट वाचून ते म्हणाले, "उत्तम. हे फार थोड्यांना जमतं." मालक लाजले. मग डॉक्टर म्हणाले, "उद्या आपण साडेपाचलाच बसू. उशीर नको."

साडेपाच. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी वाढता वाढता डॉक्टरांच्या पानात तिसरी पोळी टाकली. ते नको म्हणत होते.

अमावास्येच्या सकाळी आम्ही तिघं गच्चीवर बसलो. मालक आंघोळ उरकून, हिरव्या सदऱ्यात. डॉक्टर आरामखुर्चीत. मी 'साहाय्यक निरीक्षक' म्हणून टाकीपाशी. उजाडू लागलं. मिठागरं पांढरी दिसायला लागली. पावणेसहाला काकू तांब्या घेऊन वर आल्या. खांद्यावर ओला पंचा होता. त्या तुळशीपाशी गेल्या आणि नेहमीपेक्षा फार सावकाश पाणी घालू लागल्या.

वाडग्याच्या काठावर काहीतरी हललं. धोबी आला होता. तो वाडग्याला एक फेरी घालून सरळ डॉक्टरांच्या पायापाशी गेला आणि तिथे उभा राहून शेपूट वरखाली, वरखाली करू लागला.

डॉक्टरांनी दुर्बीण लावलीच नाही. तिची गरज नव्हती. "पक्ष्यानं तुमचा निबंध वाचलेला दिसत नाही," ते म्हणाले.

मालक उभे राहिले. उजवा डोळाही आता डाव्यासारखा झाला होता. "सात वर्षं," ते म्हणाले. "साहेब, सात वर्षं हा एकदाही चुकला नाही. मी स्वतः... मी पाहिलंय. म्हणजे, नसल्याचं पाहिलंय." मग ते जे म्हणाले ते मला फार लागलं. ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांचाच काही दोष असेल."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. तुळशीच्या कट्ट्यावर त्याचा आवाज झाला.

"तुमच्या डोळ्यांचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "आणि न चुकणारा तो नव्हता. मी होते."

कुणाला काही कळेना. काकूंनी खांद्यावरचा पंचा काढून पुढे धरला, चोरीचा माल हजर करावा तसा. "ह्यानं हाकलत होते मी. दर वर्षी, तृतीयेच्या आधी तीन सकाळी. पापडांसाठी."

डॉक्टर खुर्चीत वळून बसले. मी टाकीकडे पाहू लागलो. माझ्या मनात आलं, आता मालक एक तर ओरडतील किंवा रडतील. मालकांनी पंच्याकडे पाहिलं. मग वही उघडली आणि पेन्सिल कानावरून काढली.

"किती वाजता?"

"अं?"

"किती वाजता हाकलत होतीस?"

"पावणेसहाला. तुम्ही आंघोळीला गेलात की."

"किती वेळा फटकारावं लागे?"

"तीन-चारदा. अधिक महिन्याच्या वर्षी फार वेळ लागला."

"कुठल्या दिशेला जायचा?"

"मिठागराकडे. पण सातनंतर परत यायचा."

"सातनंतर, रोज? तू स्वतः पाहिलंस, की..."

"मी स्वतः पाहिलं. पापड घालेपर्यंत यायचा. मग सात बायका आणि काठ्या बघून यायचा बंद व्हायचा."

मालक लिहीत होते. मग त्यांनी सात वर्षांच्या वह्या आणवल्या, प्रत्येकीत 'प्रयाण' या शब्दासमोर पट्टी लावून लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'कारण: पंचा.' सात वेळा, सुंदर अक्षरात. शेवटची वही मिटून ते डॉक्टरांना म्हणाले, "निबंध मागे घेतो. आपल्याला त्रास झाला."

डॉक्टरांनी टोपी काढली. उकाडा होताच, त्यामुळे नक्की कशासाठी ते मी सांगू शकत नाही. म्हणाले, "मी पुष्कळ सिद्धांत बुडताना पाहिलेत. बुडताना माणूस नोंदी घेतोय, असं पाहिलं नव्हतं." मग धोब्याकडे बघून म्हणाले, "पण मग हा खरा जातो तरी कधी?"

सात वर्षं त्या पक्ष्याकडे रोज दोन माणसं पाहत होती, एक पाणी देत होतं, एक पंचा मारत होतं, आणि तो आपला आपण कधी जातो हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कळवतो," मालक म्हणाले.

किल्ली त्यांनी त्या दिवशी काकूंच्या हातात दिली. म्हणाले, "निरीक्षणालय आता तुझ्या ताब्यात. दार उघडायचं की नाही, तू ठरव."

अक्षय्य तृतीयेला सकाळी राणेकाकू पिठाचा गोळा घेऊन जिन्यात आल्या, तर गच्चीच्या दाराला कुलूप आणि दाराशी पाटावर काकू.

"धोबी गेलेला नाही," काकू म्हणाल्या.

"मगे हाकल त्येका! दरवर्षी हाकलतंस मां?" ही गोष्ट राणेकाकूंना सुरुवातीपासून ठाऊक होती. घरात ती फक्त मालकांना ठाऊक नव्हती.

"यंदा नाही."

"आणि पापड खंय वाळत घालू? त्येच्या शेपटीर?"

"कुठेही घाला. शिंक येत असेल तर खाली जा."

त्या वर्षी पापड अंगणात बाजांवर वाळले. निम्मे शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी तुडवले, उरलेल्यांना सावली लागली. तळल्यावर ते फुलले नाहीत. राणेकाकूंनी वर्षभर आल्यागेल्याला ते वाढले आणि प्रत्येक वेळी कारण सांगितलं.

रोज सकाळी सहा वाजता गच्चीवर आता दोन खुर्च्या असत. काकू बोलू नये ही पाटी पाळत, पण धोबी आला की मालकांच्या दंडाला चिमटा काढत. पंचमी गेली, अष्टमी गेली. दशमीला धोबी दिसला नाही. एकादशीला नाही. द्वादशीला सात वाजले आणि मालकांनी दुर्बीण खाली ठेवली. दशमी ही अशी तिथी आहे की तिच्यावर कुठलाही सिद्धांत उभा राहत नाही. मी चोरून मालकांकडे पाहिलं. ते पट्टीने रेघ आखत होते.

"शेवटचा कुणी पाहिला?" त्यांनी विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या. "नवमीला संध्याकाळी. तुळशीपाशी होता." त्यांच्या खांद्यावर सवयीने आणलेला ओला पंचा होता. तो त्यांनी कठड्यावर वाळत घातला. मिठागराकडे पाहिलं. मग एकदम चिडून म्हणाल्या, "सात वर्षं हाकलला तेव्हा हलायला तयार नव्हता. आता राहा म्हटलं, तर न सांगता गेला मेला!"

मालकांनी 'निरीक्षक' या रकान्यात काकूंचं नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट. 'कारण' हा रकाना रिकामा ठेवला. 'शेरा' या रकान्यात त्यांनी जे ऐकलं ते शब्दशः लिहिलं.

पावसाळ्यानंतर संस्थेच्या पत्रिकेत चार ओळी छापून आल्या. धोबी मुलुंडला अमुक तारखेपर्यंत राहिल्याची नोंद, दोघांची नावं, पहिलं काकूंचं. शेरा तेवढा गाळला होता. मालकांनी त्याबद्दल संपादकांना तीन पत्रं लिहिली. निरीक्षकाने सांगितलेलं अर्धवट छापता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.